कुंकू लावलेला समुद्रघोडा

समुद्रघोड्याला तोंड असतं. एवढी साधी गोष्ट कुणाला पटवून द्यावी लागेल असं वाटणार नाही. मला मात्र धुळ्याच्या एका शाळेत ती पटवून द्यावी लागली, आणि पटवता आली नाही म्हणून माझं शास्त्र शिकायचं राहून गेलं. आता माझ्या नातवंडांची लग्नं झाली, तरी हा विषय निघाला की माझा आवाज चढतो. घरातले म्हणतात, "आजी, सोड ना आता." का सोडू?

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. माझे वडील धुळ्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. घरात बोलणं सगळं अहिराणी, शाळेत गेलं की शुद्ध मराठी, असा आमचा रोजचा जाच होता. नानांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण मी डॉक्टरीण व्हावं असं त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं. गावाकडे त्यांचे थोरले भाऊ म्हणजे आबा माझ्यासाठी स्थळं घेऊन तयारच असत. नाना त्यांना म्हणत, पोर शास्त्र शिकणार आहे, ते शिकल्याशिवाय दवाखान्यात घेत नाहीत. हा एकच बांध होता. शास्त्र हातचं गेलं की आबांना सांगायला नानांजवळ काही उरणार नव्हतं, आणि हे मला चांगलं कळत होतं.

शाळेत वरच्या वर्गात गेल्यावर शास्त्र किंवा शिवण यांपैकी एक घ्यावं लागे. मुलांना शास्त्राचे मास्तर विचारत, शास्त्र हवंय का? मुलगा हो म्हणाला की झालं. मुलींची मात्र तोंडी परीक्षा घेत. मुलांना शास्त्र हवंय का एवढंच विचारायचं आणि आम्हाला शास्त्र येतं का ते विचारायचं, तेही शिकवायच्या आधी! हा नियम कुणी केला ते मी पुष्कळ वेळा विचारलं. पूर्वीपासून आहे, असं उत्तर मिळालं.

परीक्षेतले प्रश्न शास्त्राच्या कपाटातल्या वस्तूंवर असत. त्या कपाटात तराजू होता, लोहचुंबक होता, एक मोडका थर्मामीटर होता, आणि सगळ्यांत वरच्या फळीवर काचेच्या बरणीत, कापसावर निजवलेला, वाळलेला समुद्रघोडा होता. धुळ्यापासून समुद्र किती लांब! त्या वीतभर प्राण्याचं आम्हाला केवढं अप्रूप. पण बरणीला हात लावायची परवानगी नव्हती. पावसाळ्याआधी मास्तर स्वतः तो बाहेर काढत, कीड लागू नये म्हणून त्याला रोगणाचा एक हात देत आणि पुन्हा बूच घट्ट बसवत. मास्तर नीटनेटके होते, हे मी रागातही कबूल करते. खालच्या वर्गात त्यांनी आम्हाला टिपण उतरवून दिलं होतं: 'समुद्रघोड्याची चोच तांबडी व भरीव असते. त्यास तोंड नसते. पोटाखालील फटीतून तो अन्न घेतो.' मीही ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं होतं.

त्यानंतरच्या सुट्टीत मी मालवणला गेले. माझ्या आत्याचे यजमान मिठाच्या खात्यात कारकून होते आणि त्यांची बदली तिथे झाली होती. चाळीसगावहून मुंबईची गाडी, मग बोट, आणि बोटीत सगळा वेळ ओकाऱ्या. पोचल्यावर मात्र मला परत यावंसं वाटेना. आत्याकडे मासे विकायला एक बाई यायची. तिच्या टोपलीत एक दिवस जाळ्याला अडकून आलेला जिवंत समुद्रघोडा होता. खाण्याच्या उपयोगाचा नाही म्हणून तिने तो मला दिला. आत्याच्या यजमानांनी लोणच्याची मोठी काचेची बरणी धुतली, समुद्राचं पाणी भरलं, आत एक काडी उभी केली आणि खाडीतला जिवंत जवळा आणून सोडला. जवळा म्हणजे नखाएवढी, पारदर्शक कोळंबी.

घोड्याने काडीला शेपटीचा विळखा घातला आणि उभा राहिला. मी बरणीपुढे पालथी पडून बघत होते. जवळा तरंगत तरंगत त्याच्या समोर आला. घोडा मान जराशी खाली घालून त्याच्याकडे इतका हळूहळू सरकला की पाणीसुद्धा हललं नाही. मग डोक्याला वरच्या बाजूला एक हिसका, 'टक्' असा आवाज, आणि जवळा नाहीसा! चावलेला दिसला नाही, पकडलेला दिसला नाही. मला वाटलं माझी पापणी लवली असेल. दुसऱ्या वेळी डोळे ताणून बघितलं तरी तेच. आत्याच्या यजमानांनी मला बरणीला कान लावायला सांगितलं. काचेतून ते टक् टक् इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की मला हसू आलं.

"तो चावत नाही, ओढतो," ते म्हणाले. "ती लांब नळी आहे ना, तिच्या टोकाला बारीकसं तोंड आहे. डोक्याच्या हिसक्याने तोंड जवळ्यापाशी नेतो आणि त्याच क्षणी गळा आतून एकदम ऐसपैस करतो. आत पोकळी झाली की पाणी नळीतून धावत जातं, पाण्याबरोबर जवळा. मग पाणी कल्ल्यांतून बाहेर."

मी नीट बघितलं, तर खरंच, दर टक् ला नळीच्या मागे गळ्यापाशी क्षणभर फुगवटा यायचा. त्या नळीच्या टोकाला तांबडा रंग बिलकूल नव्हता. तीन दिवसांनी आम्ही त्याला समुद्रात सोडून आलो. मी रडले, पण ते वेगळं.

धुळ्याला परतल्यावर मी नानांना हे सगळं साभिनय करून दाखवलं. फॅक्टरीच्या विहिरीवरचा पंप नानांच्याच हाताखाली होता. त्यांना काही समजावावं लागलं नाही.

"तो बी पंपच शे ना माय," ते म्हणाले. "दट्ट्या खेचा का आत पोकय व्हस, मंग पानी सोताच धावत येस. घोडा त्याना गयानाच दट्ट्या करस."

मग त्यांनी मला पंपाशी नेऊन दाखवलं. विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तोंडाशी कापसाची रुई जमून बोळा झाला की पंप कितीही चालवा, थेंब वर येत नसे. आठवड्यातून एकदा तरी तो बोळा काढायला नाना विहिरीत उतरत. ते विहिरीतून ओलेचिंब वर आले आणि हातातला रुईचा गोळा मला दाखवला. तोंड बुजलं की सगळं बुजलं, हे मी त्या दिवशी शिकले.

मग तोंडी परीक्षा आली. माझ्या आधीची मुलगी टिपण घडाघडा म्हणून पाच मिनिटांत पास होऊन बाहेर आली. टिपण मलाही पाठ होतं. मी तेच म्हटलं असतं तर माझं आयुष्य निराळं झालं असतं. मग का नाही म्हटलं? कारण मला वाटलं, खरं सांगितलं तर मास्तरांना आनंद होईल. शास्त्राचे मास्तर ना ते! ज्या प्राण्याचा वाळलेला देह ते इतकी वर्षं जपतात, तो जिवंत बघितलेली मुलगी त्यांच्यापुढे उभी आहे. ते खुर्ची ओढून म्हणतील, बस, सगळं सांग.

"समुद्रघोडा अन्न कसे घेतो?" मास्तरांनी विचारलं. शेजारी हेडमास्तर घड्याळ बघत बसले होते.

मी सगळं सांगितलं. हिसका सांगितला, पोकळी सांगितली, टक् सांगितलं. पंपाचा दाखलाही दिला. मास्तरांनी शांतपणे बरणी पुढे सरकवली.

"तोंड दाखव."

काचेतून चोचीचं टोक दिसत होतं. तांबडं, गोल, गुळगुळीत, भरीव. तोंडाचा मागमूस नाही. मी म्हटलं, "सर, मी पाहिलेल्याचं टोक तांबडं नव्हतं."

"म्हणजे तू पाहिलेला समुद्रघोडा नव्हताच," मास्तर म्हणाले, आणि हेडमास्तरांनी घड्याळ खिशात टाकलं. मी शिवणाच्या वर्गात गेले.

नानांनी घरी ऐकून घेतलं. "तू तुना डोयाघाई दखं ना? मंग खरं शे," म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. आबांना काय सांगायचं, हा विचार मला त्यांच्या कपाळावर वाचता येत होता. वर्षअखेरपर्यंत शाळेत जा, मग बघू, असं ठरलं. मग बघू म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दसरा आला. खंडेनवमीला आमच्या खानदेशात हत्यारा-अवजारांची पूजा जिनिंगमध्ये होते तशी शाळेतही व्हायची. शास्त्राच्या कपाटातल्या वस्तू टेबलावर मांडून एकेकीला हळदकुंकू लावत. हे काम शाळेचे म्हातारे शिपाई वर्षानुवर्षं भक्तिभावाने करत. त्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून शिवणाच्या वर्गातली मुलगी मदतीला द्या, असं त्यांनी सांगितलं. आमच्या शिवणाच्या बाईंनी मला पाठवलं. तबक मुलीच्या हातात शोभतं ना! शास्त्र नाही शोभत.

तराजूला लावलं, चुंबकाला लावलं. मग शिपायांनी बरणीचं बूच काढून समुद्रघोडा अलगद माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "याले चोचवर लाव. कपाय बारीक शे, बोट बसत नही. घोडा शे ना, दसराले घोडानी पूजा लागस. मी दर सालले आठेच लावस."

म्हणजे दर वर्षी तिथेच! मी बघतच राहिले. चोचीच्या टोकावर तांबडं बोंड होतं, त्याला एका बाजूने टवका उडाला होता आणि आतले थर दिसत होते. तांबडा, मग पिवळट चकचकीत, पुन्हा तांबडा, पुन्हा चकचकीत. दसऱ्याला शिपायांनी ओलं कुंकू लावायचं आणि पावसाळ्याआधी मास्तरांनी त्यावर रोगण फिरवायचं, असा त्या दोघांचा उद्योग कितीतरी वर्षं बिनबोभाट चालला होता. चोचीचा तांबडा रंग म्हणून आम्ही जो पाठ केला तो आमच्या शिपायांच्या बोटाचा होता. मला नानांच्या हातातला रुईचा गोळा आठवला.

माझ्या पोलक्याला सुई टोचलेली असायची, शिवणाच्या सगळ्याच मुलींच्या असायची. मी ती काढली, पाण्याचा थेंब घेतला आणि सांभाळून, अगदी सांभाळून, ते बोंड सोडवलं. घोड्याला ओरखडा उठू दिला नाही. तांबडी टिकली गळून पडली आणि खाली इवलंसं, वर उघडणारं, नीट घडवलेलं तोंड दिसलं. मी त्यात ओला दोरा सरकवला, तर तो बोटाच्या पेराएवढा सरळ आत गेला. शिपायांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे बापरे, याले तोंड शे!"

मी धावत मास्तरांकडे गेले. आनंदाने गेले, हे लिहिताना माझी मलाच कीव येते. मास्तरांनी भिंग लावून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. त्यांचा कान लाल झालेला मला दिसला, आणि मला वाटलं आता ते बोलतील.

"हे भोक तू पाडलंस," ते म्हणाले.

मी टिकली दाखवली, थर दाखवले, दोरा दाखवला. शिपाई हात जोडून म्हणाले, "नही सर, मीच दर सालले कुकू लावस." त्यांना मास्तरांनी गप्प केलं. पूजेची वस्तू खरवडली आणि शाळेचा नमुना सुईने बिघडवला, असे दोन गुन्हे माझ्यावर ठेवून नानांना बोलावणं पाठवलं.

नाना कामावरचे कपडे बदलून, टोपी हातात घेऊन आले. मास्तरांनी बसा म्हटलं नाही. नाना एवढंच म्हणाले, "सर, मी फिटर शे. भोक सुईघाई पाडेल शे का मूयनं शे, ते माले समजस. तो घोडा माले दखाडा."

"दखाडा!" मास्तर हेडमास्तरांकडे बघून म्हणाले आणि दोघंही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभा जन्म यंत्रांची भोकं बुजवण्यात आणि मोकळी करण्यात घालवलेला माणूस त्या खोलीत तो एकटा होता, आणि त्याच्या बोलीला हसून त्यांनी त्याला घोडा दाखवला नाही. बरणी कपाटातच राहिली. मी लेखी माफी मागावी, नाहीतर आजपासून शाळा बंद, असं सांगण्यात आलं. वर्षअखेरची परीक्षा अजून व्हायची होती. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी कागद घेतला आणि मास्तरांनी सांगितलं तसं लिहिलं: 'मी समुद्रघोड्याच्या नमुन्यास सुईने भोक पाडले. मला क्षमा असावी.' खाली सही केली. हेडमास्तरांनी तो कागद कपाटात ठेवला, घोड्याच्याच कपाटात.

आता शेवटचं. शिवणाचा वर्ग आणि शास्त्राचा वर्ग यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. इकडे सुई पडली तर तिकडे ऐकू जावं, अशी. माघ महिना असेल. मी रुमालाच्या कडेला टीप घालत होते आणि पलीकडून मास्तरांचा आवाज आला.

"समुद्रघोडा. टिपणात दुरुस्ती करून घ्या. अलीकडे बारकाईने निरीक्षण करता मला असे आढळून आले की, समुद्रघोड्यास नळीच्या टोकाशी सूक्ष्म तोंड असते."

माझा हात थांबला.

"तो भक्ष्यास चावत नाही. डोक्यास हिसका देऊन गळ्यात अकस्मात पोकळी करतो व पाण्यासह भक्ष्य आत ओढून घेतो. विहिरीवरचा पंप पाहिला असेल तुम्ही, तसेच. त्या वेळी 'टक्' असा आवाज होतो."

तीसएक मुलांच्या टाकांची कुरकुर फळ्यांतून ऐकू येत होती. टक्! कुठे ऐकला त्यांनी तो आवाज? वाळलेल्या घोड्याने काढला? माझी वाक्यं होती ती, तोंडी परीक्षेत जशी म्हटली होती तशी, माझ्या नानांच्या पंपासकट. घोड्याचं तोंड मास्तरांनी शोधलं आणि भोक मी पाडलं, असं आता शाळेच्या दप्तरी नोंदलेलं होतं, आणि माझ्याविरुद्धचा पुरावा माझ्याच सहीने कपाटात पडला होता.

मी उठून उभी राहिले. मांडीवरचा रुमाल खाली पडला. मी फळ्यांकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "सर, तो आवाज मी ऐकलाय!"

पलीकडे मास्तरांचं सांगणं तुटलं. टाकसुद्धा थांबले. मला अजून खूप बोलायचं होतं. कागद खोटा आहे, शिपायांना विचारा, माझ्या वडलांना घोडा दाखवा, हे सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आमच्या शिवणाच्या बाई हळूच म्हणाल्या, "बस गं. तुझंच नुकसान होईल."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं. पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं, मास्तरांनी घसा साफ केला आणि टाक पुन्हा सुरू झाले.

चैत्रात माझी शाळा सुटली आणि त्याच वैशाखात आबांनी आणलेल्या स्थळी माझं लग्न झालं. सासर जळगावचं, माणसं बरी होती, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नाना पुढे कितीतरी वर्षं मला बघायला येत. एकदा पाणी पिता पिता म्हणाले, "माय, तो घोडा माले कोनी दखाडा नही." मी तोंड फिरवून चुलीकडे गेले.

माझा राग मास्तरांवर आहे, असं घरातले सगळे समजतात. तो आहेच, जाणार नाही. पण बाईंनी बस म्हटलं तेव्हा पलीकडे तीसएक मुलं टाक थांबवून ऐकत होती, आणि माझ्या तोंडाला कुणी कुंकू फासलेलं नव्हतं. तरी मी खाली वाकले, रुमाल उचलला आणि बसले.